आधी फ्रेम ठरवा, मग बॉडी

प्रश्न : नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं, त्यामुळे वेल्डिंग आणि लेथ लहानपणापासून हाताखालून गेलंय. सध्या ओहायोत डेटनजवळ राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची. घरच्या गॅरेजमध्ये १९३२ च्या फोर्ड रोडस्टरसारखी (रोडस्टर म्हणजे पक्कं छत नसलेली उघडी गाडी) हॉट रॉड, म्हणजे जुन्या रूपाची पण जोरदार इंजिनची गाडी, बांधायची फार दिवसांची इच्छा आहे. एका माणसाकडे फायबरग्लासची वापरलेली बॉडी स्वस्तात मिळतेय. त्याने स्वतः चौकोनी पाइपची बनवलेली फ्रेमही तो सोबत देतोय. मित्र म्हणतात, फायबर म्हणजे खेळणं, घ्यायची तर पत्र्याचीच घे. बायको विचारते, त्या गाडीत चौदा वर्षांच्या मुलीला बसवणार का? तर ही बॉडी घेऊन ठेवू का? फ्रेम मी स्वतः बनवू शकेन का? आणि पुढेमागे गाडी कोल्हापूरला नेता येईल का?

उत्तर : बॉडी आत्ता घेऊ नका. ती वाईट आहे म्हणून नव्हे. ती कदाचित चांगलीही असेल. पण फ्रेम ठरली नसताना बॉडी घरी आणली, की पुढचा प्रत्येक निर्णय त्या बॉडीच्या मागे फरफटत जातो. इंजिन कुठे बसेल, पाय कुठे जातील, चाक मडगार्डच्या मध्यावर येईल की नाही, हे सगळं फ्रेम ठरवते. बॉडी तिच्यावर बसते. अशी स्वस्तातली बॉडी आधी घेतलेली आणि मग वर्षानुवर्षं गॅरेजच्या भिंतीला टेकून राहिलेली मी पुष्कळ पाहिलीय. तुमची तशी होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मित्रांच्या शंकेचं आधी पाहू. फायबरग्लास खेळणं नाही. १९५३ साली शेवरोलेने पहिल्या ३०० कॉर्व्हेट बांधल्या, त्या फायबरग्लासच्याच होत्या, आणि ती गाडी अजून त्याच वाटेने चाललीय. पण त्या कॉर्व्हेटखाली पोलादाची वेगळी फ्रेम होती, हे विसरायचं नाही. पत्र्याच्या बॉडीत वळणं, घड्या, आतले जोड यांच्यामुळे स्वतःचा थोडा ताठपणा येतो आणि ती फ्रेमला हातभार लावते. फायबरची बॉडी असा हातभार जवळजवळ लावत नाही. रस्त्याचा पीळ सगळा फ्रेमने एकटीने सोसायचा. म्हणून ‘फायबर की पत्रा’ यापेक्षा ‘या फायबरखाली काय आहे’ हा प्रश्न मोठा.

तरीही एक सुचवतो. ब्रुकव्हिल गाव तुमच्यापासून जवळच, डेटनच्या पश्चिमेला आहे. १९३२ च्या रोडस्टरची नवी पत्र्याची बॉडी तिथेच बनते. एकदा जाऊन ती डोळ्यांखालून घाला. दार उघडा, लावा, त्याचा आवाज ऐका, काठावरून हात फिरवा. विकत घ्यायची नसली तरी चांगल्या दाराची फट किती असते, ते कसं मिटतं, याचं माप हाताला कळतं. तेच माप घेऊन मग फायबरची बॉडी पाहायला जा. पत्र्याची किंमत परवडत असेल तर ती घ्या, मी अडवणार नाही. पण बॉडीवर पैसे संपवून ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये काटकसर करणार असाल, तर फायबरच घ्या आणि उरलेले पैसे फ्रेममध्ये घाला.

आता फ्रेम. इथे जरा थांबू, कारण तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

१९३२ ची फोर्ड हॉट रॉडवाल्यांना इतकी प्रिय का झाली? त्या वर्षी फोर्डने सर्वसामान्यांच्या खिशाला परवडणारं व्ही-८ इंजिन दिलं, २२१ घनइंचाचं, ६५ अश्वशक्तीचं. युद्धाच्या आधी आणि नंतर दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं या गाड्यांचे मडगार्ड काढून त्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पळवू लागली. पण दुसरं एक कारण असं, की या गाडीच्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंच्या लांब पोलादी पट्ट्या, म्हणजे रेल, उघड्या दिसतात. बॉडीखालून जाणारी ती लांब रेल आणि तिच्यावर दाबून उठवलेली वळणदार रेघ हा गाडीच्या रूपाचाच भाग आहे. तुमच्या विक्रेत्याची फ्रेम सपाट चौकोनी पाइपची आहे. ती कितीही मजबूत असली तरी मडगार्ड नसलेल्या गाडीखाली ती पाहिली की जाणकाराची नजर तिथेच अडखळते. फोर्डच्याच आधीच्या मॉडेल ए च्या बॉडीखाली किंवा टी-बकेटखाली (मॉडेल टी च्या बादलीसारख्या छोट्या बॉडीची हॉट रॉड) पाइपची फ्रेम चालून जाते. बत्तीसच्या बॉडीखाली बत्तीसच्या घडणीच्या दाबलेल्या रेलच हव्यात. त्या आज नव्या मिळतात. म्हणजे दिसण्याच्या दृष्टीनेच ती फ्रेम बाद.

मजबुतीच्या दृष्टीने पाहायचं तर मूळ फ्रेम ६५ अश्वशक्तीसाठी होती, उघड्या सी-आकाराच्या रेलची. तुम्ही बहुधा शेवरोलेचं ३५० घनइंची किंवा फोर्डचं ३०२ घनइंची इंजिन बसवाल. त्यातून सहज २५०-३०० अश्वशक्ती निघते. म्हणून रेलची उघडी बाजू आतून पट्टी जोडून बंद करायची, तिला बॉक्सिंग म्हणतात. आणि मधोमध भक्कम एक्स-मेंबर, म्हणजे इंग्रजी X च्या आकाराचा पोलादी आधार, हवाच. त्याशिवाय फ्रेम म्हणजे चार पट्ट्यांची चौकट. टोकाला धरून पिळली की पिळते. नुसते दोन-तीन आडवे पाइप टाकून एक्सचं काम होत नाही. वाकणं ते थोडं रोखतात, पीळ रोखत नाहीत.

हे डोळ्यांनी पाहायची सोपी रीत आहे. फ्रेम चार स्टँडवर ठेवा आणि पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावून हळूहळू उचला. पुढचा दुसरा कोपरा जितक्या लवकर स्टँडवरून सुटेल तितकी फ्रेम ताठ. एक कोपरा चांगला इंचभर वर आला आणि दुसरा अजून स्टँडवरच बसून आहे, तर ती फ्रेम पिळतेय. हाच पीळ पुढे दाराच्या फटीत दिसेल. जॅकवर गाडी घेतली की दार अडकेल, आणि रंगाला भेगा नेमक्या दाराच्या खांबापाशी पडतील. लोक अशा वेळी बॉडीला शिव्या देतात. बॉडीची चूक नसते.

दुसरी तपासणी ओळंब्याची. फ्रेम लेव्हलला आणा, पुढच्या आणि मागच्या ठरलेल्या भोकांतून ओळंबे सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. पावइंचापेक्षा जास्त फरक आला तर मी ती फ्रेम फुकटही घेणार नाही. चाकांमधलं अंतरही मोजा : १९३२ ला ते १०६ इंच, त्याआधीच्या मॉडेल ए ला साडेएकशेतीन, १९३३-३४ ला ११२. विक्रेते कधी कधी सगळ्यालाच ‘बत्तीस’ म्हणतात. मडगार्ड लावणार असाल तर या अंतरात एक इंच इकडेतिकडे झालेला लांबूनसुद्धा कळतो.

तुम्ही फ्रेम स्वतः बनवू शकाल का? हात बसलेला आहे, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात वाढलात, तेव्हा वेल्डिंग येत नाही असं कोण म्हणेल. पण फ्रेम बनवायला वेल्डिंगपेक्षा जिग जास्त लागतं. म्हणजे फ्रेमला सगळीकडून पकडून ठेवणारा, मोजून सपाट केलेला जड पोलादी ओटा. रेलला आतून बॉक्सिंगची पट्टी जोडताना उष्णतेने रेल त्या बाजूला ओढली जाते. इंच-दीड इंचाचे टाके आलटून पालटून, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, मध्ये गार होऊ देत घातले तरी मोकळी फ्रेम थोडी सरकतेच. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये, सिमेंटच्या उताराच्या जमिनीवर, पहिल्याच गाडीला हा खेळ खेळू नका. माझा सल्ला असा : एक्स-मेंबर आणि पुढचं-मागचं सस्पेन्शन जिगवरच जोडलेली, बत्तीसच्या दाबलेल्या रेलची तयार फ्रेम घ्या. इंजिनचे माउंट, बॅटरीचा ट्रे, ब्रेकच्या नळ्यांच्या क्लिपा, एक्झॉस्टचे हँगर, पेट्रोलच्या टाकीचे पट्टे हे सगळं तुमच्या हातचं काम. त्यातच तुमचे कितीतरी शनिवार-रविवार आनंदात जातील. स्टिअरिंग आणि सस्पेन्शन जिथे फ्रेमला धरतं, तो एकही जोड तुम्ही घालायचा झाला तर तो टॅक करून (नुसते जागेवर धरण्यापुरते टाके घालून) ठेवा आणि प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरकडून पक्का करून घ्या. आणि दिसायला गुळगुळीत व्हावा म्हणून असा जोड ग्राइंडरने घासून सपाट करू नका.

पुढच्या सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. जुन्या चालीचा खाली वाकवलेला सरळ अॅक्सल आणि त्यावरची आडवी पाट्यांची स्प्रिंग दिसायला अप्रतिम. मडगार्ड नसलेल्या बत्तीसला तोच शोभतो. १९७४ ते ७८ च्या मस्टँग-२ च्या घडणीचं स्वतंत्र सस्पेन्शन रस्त्यावर जास्त सुखाचं, पण उघड्या गाडीत ते डोळ्यांना खुपतं. मडगार्ड असतील तर मस्टँग-२, नसतील तर अॅक्सल, असं माझं मत. मागे फोर्डचा नऊ इंची अॅक्सल बसवा आणि विसरून जा.

इंजिनचा एक तपशील मात्र बॉडीशी भिडतो. शेवरोलेच्या त्या ३५० चा डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगांना वीज वाटून देणारा भाग) मागच्या टोकाला असतो, फोर्डच्या ३०२ चा पुढे. शेवरोले बसवायचं तर बॉडीची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसणाऱ्यांमधली भिंत, बहुतेकदा आत सरकवलेली लागते, आणि ती जितकी आत तितकी पाय ठेवायची जागा कमी. तुमची उंची तुम्ही लिहिली नाही, पण सहा फुटांच्या आसपास असाल तर बॉडी मागवण्याआधी अशा एखाद्या पूर्ण झालेल्या गाडीत बसून पाहा. ऑगस्टच्या सुरुवातीला केंटकीतल्या लुईव्हिलला स्ट्रीट रॉड नॅशनल्स हा अशा गाड्यांचा मेळावा भरतो. तुमच्यापासून गाडीने काही तासांवर. तिथले मालक आपल्या गाड्यांबद्दल विचारलेलं आवडीने सांगतात. नमस्कार करून ‘बसून पाहू का’ विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आता ती वापरलेली बॉडी. फ्रेम ठरल्यावरही ती विकायची राहिली असेल, तर जाताना टॉर्च, टेप आणि एक लहान आरसा न्या. बाहेरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, पाहण्यात वेळ घालवू नका, आतून पाहा. चांगली बॉडी साच्यात हाताने थर बसवून केलेली असते : काचेच्या धाग्याची चटई, त्यावर विणलेलं जाड कापड, प्रत्येक थर रोलरने दाबून हवा काढलेली. जाडी साधारण पाव इंचाच्या आसपास आणि सगळीकडे जवळपास सारखी. स्वस्त बॉडी बंदुकीने धाग्याचे तुकडे आणि रेझिन (धागे बांधून कडक होणारं चिकट रसायन) फवारून करतात. ती कुठे जाड, कुठे पातळ निघते आणि नेमकी वळणावर पातळ असते. बॉडीच्या एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. उजेड ठिगळाठिगळाने आला, कुठे पांढरट कोरडे डाग दिसले, तर तिथे रेझिन पोचलेलंच नाही. बोटाच्या पेराने ठोकत जा. आवाज एकाएकी पोकळ झाला की तिथे थर सुटलेत.

मग दारं. दाराच्या खांबात आणि काऊलमध्ये (पुढच्या काचेखालच्या भागात) पोलाद बसवलेलं आहे का? जुन्या बॉडींत लाकडाच्या पट्ट्या फायबरमध्ये गाडलेल्या असत. ओल शिरली की ते लाकूड कुजतं आणि बिजागरीचे स्क्रू हलायला लागतात. दार अर्धं उघडून टोकाला हलकेच वर उचला. बिजागरीपाशी डगडगलं किंवा तिथल्या जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असल्या, तर आतला आधार गेलाय. चांगल्या बॉडीत दाराभोवती, फरशीत आणि डॅशबोर्डखाली चौकोनी पोलादी पाइपचा सांगाडा चिकटवलेला असतो, आणि बिजागऱ्या व लॅच त्या पोलादालाच बोल्ट केलेले असतात. हा सांगाडा नसलेली बॉडी कितीही स्वस्त असो, ती तुमच्यासाठी नाही. तो सांगाडा तुम्ही मागाहून बनवू शकता हे मला ठाऊक आहे. पण तेवढी मेहनत घेतल्यावर ती बॉडी स्वस्त राहत नाही.

यातून तुमच्या पत्नीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांना खरं ते सांगा. ही गाडी कितीही नीट बांधली तरी तिच्यात एअरबॅग नाहीत, धक्का शोषून घेणारा पुढचा भाग नाही, डोक्यावर पोलादी छत नाही. रोजच्या गाडीइतकी सुरक्षित ती कधीच होणार नाही. पण धोका कमी करणं पुष्कळसं तुमच्या हातात आहे. तीन टोकांचे पट्टे लावा, आणि त्यांची तिन्ही टोकं फ्रेमला किंवा फ्रेमशी जोडलेल्या पोलादी सांगाड्यालाच बांधा. फायबरच्या फरशीला मोठा वॉशर लावून पट्टा बांधलेला मी गाड्यांमध्ये पाहिलाय. जोराचा धक्का बसला की तो बोल्ट फरशी फाडून वॉशरसकट वर येईल. स्टिअरिंगचा दांडाही पोलादालाच धरलेला हवा. दारांना हलक्या कड्या नकोत, दुहेरी पकडीचे बेअर-क्लॉ लॅच घ्या. आणि तुम्ही टी-बकेटचा विचार केलेला नाही, हे चांगलं केलंत; त्या गाडीत बहुधा दार उघडतच नाही, माणूस गाडीत बसण्यापेक्षा गाडीवर जास्त बसतो. नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशनची २३ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी असते, गाडी झाल्यावर ती करून घ्या. मुलीला दिवसा, गावातल्या रस्त्यांवरून, पट्टा लावून न्या. फ्रीवेवर ट्रकांच्या मधून नको. आणि ती बांधायलाच तुमच्या बरोबर असेल तर आणखी चांगलं. चौदाव्या वर्षी ओळंबा धरता येतो, पान्ह्याने बोल्ट आवळता येतो.

फक्त एका कामापासून तिला लांब ठेवा, आणि तुम्हीही सांभाळून करा. फायबर कापताना, घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेत रुतते, फुप्फुसात जाते. साधा कापडी मास्क चालणार नाही. पी-१०० फिल्टरचा रेस्पिरेटर, बंद गॉगल, लांब बाह्या. रेझिनसोबत काम असेल तर वाफेसाठी वेगळं कार्ट्रिज आणि गॅरेजचं दार उघडं. रेझिनमध्ये घालायचं हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. ते ओतताना गॉगल नसेल तर ओतूच नका.

बॉडी बसवण्याच्या क्रमात पुष्कळ लोक घाई करतात. मोकळ्या फ्रेमवर दारांच्या फटी जुळवून रंगसुद्धा देऊन टाकतात. मग इंजिन, गिअरबॉक्स, काचा, सीटचं वजन चढलं की सगळं हलतं. तुम्ही फ्रेम आणि बॉडीच्या मध्ये रबराच्या पट्ट्या घालून बॉडी ठेवा, बोल्ट हाताने सैलसर लावा, सगळं वजन वर चढवा, गाडी चाकांवर उभी करा. त्यानंतर शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालत एकेका कोपऱ्याला दाराची फट जुळवा. फायबरला बोल्ट करकचून आवळायचे नाहीत. फट जुळली की शिमवर क्रमांक लिहा, फोटो काढा आणि मगच सगळं सुटं करून रंगाला न्या. बॉडी अगदी नवी असेल तर तिला आधी काही आठवडे उन्हात, फ्रेमवर बोल्ट केलेल्या अवस्थेतच ठेवा. रेझिन पुरतं मुरलं नाही तर रंगाखालून काचेच्या धाग्यांची वीण वर उमटते. आणि पॉलिशपेपर लावण्यापूर्वी वॅक्स-रिमूव्हरने बॉडी धुवा. साच्यातलं मेण अंगावर असतानाच घासलं तर ते जेलकोटमध्ये दाबलं जातं आणि वरचा रंग तिथे माशाच्या डोळ्यांसारखा फुटतो.

वायरिंग करताना लक्षात असू द्या, फायबरमधून वीज वाहत नाही. दिवा, हॉर्न, मीटर, प्रत्येकाला अर्थिंगची वेगळी तार फ्रेमपर्यंत न्यावी लागते. ब्रेकचं मास्टर सिलिंडर या गाड्यांत फरशीखाली, चाकांच्या ब्रेकपेक्षा खाली येतं, त्यामुळे ऑइल मागे उतरतं. डिस्कच्या ओळीला २ पीएसआयचा आणि ड्रमच्या ओळीला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे नळीत थोडा दाब राखून ऑइल मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवा.

कोल्हापूरचं स्वप्न सोडून द्या. भारतात जुनी गाडी म्हणून आणायला ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. व्हिंटेज म्हणून ती जाणार नाही, कारण रूप १९३२ चं असलं तरी गाडी आजची आहे. आई-वडिलांना ती दाखवायची असेल तर त्यांना उन्हाळ्यात इकडे बोलवा.

शेवटी कागद. ओहायोत घरी जोडलेल्या गाडीची तपासणी स्टेट हायवे पेट्रोल करते, आणि कुठला भाग कुठून आला याच्या पावत्या मागते. त्यानंतर काउंटीच्या टायटल ऑफिसातून टायटल, म्हणजे मालकीचा कागद. म्हणून आजपासून एक फाइल करा : फ्रेम, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स, प्रत्येकाची पावती, त्यावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, आणि मोठ्या भागांवर क्रमांक असेल तर तो. नवी फ्रेम किंवा बॉडी घेताना उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र मागून घ्या. तुमच्या विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी सहीची, नोटरी केलेली विक्रीची पावती मागा. ‘पावतीचं नंतर बघू’ असं तो म्हणाला, तर टॉर्च आणि टेप पिशवीत ठेवा आणि घरी या.